बिल्ले मोजू नका, भिंत पाहा

प्रति,
‘ऑफिस स्पेस’ या अमेरिकी विनोदी सिनेमाच्या नव्या ब्लू-रे आवृत्तीवर निकाल देऊन मोकळे झालेले माझे सगळे मित्र,
लातूर, नांदेड, परभणी आणि छत्रपती संभाजीनगर

सप्रेम नमस्कार.

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या त्या माडीवर आपण अकरा जण बसलो होतो, त्याला आता महिना होईल. सिनेमा संपला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते, मला परभणीची गाडी गाठायची होती, आणि तुमचा निकाल मी चपला घालत असतानाच ठरला. मी काही बोललो नाही. ती चूक झाली. आता तो निकाल कागदावर उतरलाय, चार गावांत फिरतोय, आणि आवृत्ती काढणाऱ्या कंपनीकडे जी तक्रार जाणार आहे तिच्याखाली माझंही नाव घातलेलं आहे. तक्रार सगळ्यांनी वाचली, तर उत्तरही सगळ्यांना वाचता यावं, म्हणून हे पत्र उघडं लिहितोय.

तुमचं म्हणणं मी दोनदा वाचलं. ब्लू-रे तबकडीवर दिग्दर्शकाची कॉमेंटरी नाही. वगळलेले प्रसंग आणि आठवणींची छोटी फिल्म २००५च्या डीव्हीडीवर होती तीच आहे. चित्र फिकट, राखाडी आणि दाणेदार दिसतं, त्यापेक्षा लायब्ररीतल्या जुन्या सीडीवर, म्हणजे व्हीसीडीवर, रंग जास्त भरून दिसायचे. सबब, घेऊ नये.

पहिल्या मुद्द्यावर मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. माइक जज यांनी हे जग आधी स्वतःच्या हाताने चितारलं होतं. सिनेमातल्या त्या पुटपुटणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, मिल्टनच्या, छोट्या कार्टून फिल्मा त्यांनी सिनेमाच्या कितीतरी आधी केल्या होत्या. पुढे सिनेमा त्यांनीच लिहिला, त्यांनीच दिग्दर्शित केला आणि त्यात एक भूमिकाही केली. असा माणूस दीड तास आपल्या शेजारी बसून एकेक प्रसंग उलगडून सांगणार असेल तर मी रात्रभर जागेन. तेवढं जरूर मागा. पण कॉमेंटरी नाही म्हणून तबकडी वाईट ठरत नाही, आणि बाकीच्या दोन मुद्द्यांवर तर मला वाटतं आपण या सिनेमाचे चाहते असूनही त्याच्या विरुद्ध बाजूला जाऊन बसलो.

२००५ साली जी विशेष डीव्हीडी आली तिच्या नावातच ‘विथ फ्लेअर’ असे शब्द होते. फ्लेअर म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. सिनेमातली जोॲना ज्या हॉटेलात वाढपी आहे तिथे कपड्यावर बिल्ले लावावे लागतात. नियम कमीत कमी पंधराचा. ती पंधरा लावते. तरी मॅनेजर तिला बाजूला घेऊन ऐकवतो की तो अमका बघ, त्याचे सदतीस आहेत. पंधरा पुरेसे नसतील तर नियम सदतीसचा करा, असा तिचा साधा सवाल आहे, आणि त्याला मॅनेजरकडे उत्तर नाही. तो मॅनेजर कोण, आठवतंय ना? स्वतः माइक जज. सगळ्या सिनेमातली सगळ्यात क्षुद्र मोजदाद त्यांनी स्वतःच्या तोंडी घातली.

मित्रहो, त्या रात्री माडीवर आपण काय केलं? खोक्याच्या पाठीवरची यादी वाचली. किती मिनिटांची फिल्म, किती प्रसंग, मागच्या वेळेपेक्षा किती जास्त. पंधरा की सदतीस. सिनेमा कसा दिसला, कसा ऐकू आला यावर शेवटी पाच मिनिटं बोललो असू, आणि तीही ‘दाणे दिसतात’ एवढ्यावर संपली. मी हे तुम्हाला दुखवायला म्हणत नाही. वीस वर्षं आपण हा सिनेमा एकत्र पाहतोय, जोॲनाचा तो प्रसंग आला की दरवेळी नांदेडच्या ताई हुंकार देतात, कारण त्यांनी तसाच मॅनेजर भोगलाय. म्हणूनच मला वाटलं की निदान आपण तरी बिल्ले मोजायला नकोत.

आता त्या राखाडी रंगाबद्दल. यावर मला जरा सविस्तर लिहू द्या.

मी १९९७ साली नोकरीला लागलो. कोणतं कार्यालय ते राहू दे, मराठवाड्यात तसली पुष्कळ आहेत. लांबट खोली, दोन ट्यूबलाइट, त्यातली एक कायम फडफडणारी, आणि तीन भिंतींना लोखंडी कपाटं. कपाटांवर लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, थेट छतापर्यंत. मी अकरा वर्षं एकाच टेबलावर बसलो. सकाळी साडेदहा असोत की संध्याकाळचे पाच, उजेड तोच. वैशाखात बाहेर ऊन चाळीस-बेचाळीसच्या वर असायचं, पावसाळ्यात आभाळ भरून यायचं, आत आम्हाला पत्ता नसायचा. मग २००८मध्ये जुनं दप्तर हलवायचा आदेश आला. हमालांनी माझ्या पाठीमागचं कपाट ओढलं, आणि त्याच्यामागे खिडकी निघाली. तावदानं वर्तमानपत्रांनी चिकटवलेली, पण खिडकी. कुणीतरी कागद फाडला आणि पलीकडे कडुलिंब. अकरा वर्षं तो कडुलिंब माझ्या पाठीपासून हातभर अंतरावर होता. आमचे अण्णा, सगळ्यांत जुने लिपिक, खिडकीपाशी जाऊन बराच वेळ नुसते उभे राहिले. आवक-जावकची बाई रडली. मी काय केलं ते मला आठवत नाही, पण माझं टेबल त्या दिवसाच्या उजेडात किती वेगळं दिसलं ते अजून डोळ्यासमोर आहे.

आता सिनेमातला तो प्रसंग आठवा. सिनेमाचा नायक पीटर ड्रिल घेतो, स्क्रू काढतो, आणि त्याच्या क्युबिकलची, म्हणजे पार्टिशनांनी केलेल्या बसायच्या कप्प्याची, एक भिंत धाडकन खाली पडते. पलीकडे खिडकी. बाहेरचा उजेड पहिल्यांदा त्याच्या टेबलावर येतो आणि तो समाधानाने खुर्चीत बसतो. हा प्रसंग काम करतो तो कशाच्या जोरावर? त्याआधी सिनेमाने आपल्याला त्या राखाडी पार्टिशनांत, वरच्या निर्जीव उजेडात कोंडून ठेवलेलं असतं. रंग आधीपासूनच भडक केले, उजेड वाढवला, तर भिंत पडली काय आणि न पडली काय. त्या रात्री लातूरला भिंत पडली तेव्हा मला पहिल्यांदा माझा कडुलिंब दिसला. सीडीवर हा प्रसंग मी पंचवीसेक वेळा तरी पाहिला असेन, आणि एकदाही दिसला नव्हता.

आपल्या सीडीवर रंग भरून दिसायचे, हे खरं आहे. पण ते सीडीत नव्हते. ते आपल्या टीव्हीत होते. औरंगपुऱ्यातल्या त्या खोलीतला एकवीस इंची टीव्ही आठवा. रंगाचं बटण कायम शेवटपर्यंत फिरवलेलं असायचं, कारण घरमालकांना सासू-सुनांच्या मालिकेतल्या साड्या तशाच आवडायच्या. त्यात मिल्टनचा चेहरा टोमॅटोसारखा लाल दिसायचा, आणि आपण त्यालाच मूळ रंग समजत गेलो. आपलं प्रेम त्या रंगावर जडलं हे मला समजतं, माझंही जडलंय. पण सवय हा नव्या आवृत्तीला नापास करायचा निकष होऊ शकत नाही.

दाण्यांचंही तसंच. हा सिनेमा १९९९चा, रासायनिक फिल्मवर चित्रित झालेला. अशा फिल्मवर चित्र उमटतं तेच चांदीच्या क्षारांच्या बारीक कणांतून. ते दाणे म्हणजे चित्रावर बसलेली धूळ नव्हे, ते चित्राचं अंग आहे. सीडीवर ते दिसत नसत याचं कारण सीडीची कुवतच तेवढी नव्हती. व्हीसीडीचं चित्र आडवे ३५२ आणि उभे २८८ ठिपके. ब्लू-रेचं १९२० आणि १०८०. गुणाकार करून पाहा, सुमारे वीसपट. शिवाय व्हीसीडीत माहिती इतकी दाबून भरलेली असे की राखाडी भिंतीवर दाण्यांऐवजी हलणारे चौकोन दिसायचे. गर्दीच्या प्रसंगात, म्हणजे सुरुवातीच्या त्या वाहतूक कोंडीत, जिथे वॉकर घेतलेले म्हातारबुवा गाड्यांच्या पुढे निघून जातात, तिथे तर अर्धा पडदा चौकोनांनीच भरलेला असायचा.

आणि तुम्ही तक्रारीत मागितलंय की ‘चित्र स्वच्छ करून द्यावं’. कृपा करून हे वाक्य काढा. कंपन्या हे ऐकतात. दाणे पुसायचं तंत्र त्यांच्याकडे आहे, आणि दाण्यांबरोबर माणसांच्या कातडीचा पोत, कापडाची वीण, कागदाची कड हेही पुसलं जातं. जुन्या सिनेमांच्या काही आवृत्त्यांत नटांचे चेहरे मेणाच्या बाहुल्यांसारखे दिसतात ते त्यामुळेच. पीटरचा साहेब लंबर्ग कॉफीचा मग घेऊन क्युबिकलच्या कडेला टेकून उभा राहतो तेव्हा त्याच्या शर्टाच्या कॉलरकडे बघा एकदा. स्वच्छ करून मागाल, तर ही कॉलर आपण स्वतःच्या हाताने पुसून घेतली असं होईल.

एक छोटी गोष्ट, कारण त्यावरून लातूरला बरीच वादावादी झाली. आपले बँकवाले मित्र म्हणाले की नवी आवृत्ती सीडीपेक्षा तीन-साडेतीन मिनिटं लांब आहे, म्हणजे त्यांनी कुठेतरी प्रसंग घुसडलेत. कुणी म्हणालं, “कामून घुसडतेल? कापलेलेच परत लावले असतेल.” दोन्ही नाही. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो. आपल्याकडची टीव्हीची पाल पद्धत सेकंदाला २५ चित्रांची, म्हणून सीडीवर तोच सिनेमा किंचित घाईने पळायचा. ८९ मिनिटांचा सिनेमा साडेपंच्याऐंशीच्या आत संपायचा, आणि सगळ्यांचे आवाज एक कणभर वर चढलेले असायचे. लंबर्गचं ते लांबवत, रेंगाळत बोलणं आपण आजवर खऱ्यापेक्षा जलद ऐकत आलो. तो खरा किती छळवादी आहे ते यंदा कळलं.

आवाजाचा विषय निघालाच आहे, तर माझ्या मते या आवृत्तीचा सगळ्यात मोठा गुण तोच, आणि तुमच्या तक्रारीत त्याचा एका शब्दानेही उल्लेख नाही.

मिल्टन पुटपुटतो. स्टीफन रूट यांनी तो असा उभा केलाय की त्याचं निम्मं बोलणं ओठांच्या आतच राहतं. सीडीवर आपल्याला त्यातलं काय कळायचं? स्टेपलर, रेडिओ, एवढेच दोन शब्द. बाकी गुणगुण. म्हणून शेवटी कंपनीची इमारत जळते तेव्हा आपल्याला ते अचानक झाल्यासारखं वाटायचं. मला आठवतं, पहिल्यांदा पाहिल्यावर आपल्यातल्याच एका जणाने म्हटलं होतं की शेवट जमला नाही, लेखकाला काही सुचलं नाही म्हणून आग लावून दिली. मीही मान डोलावली होती. यंदा नीट ऐका. तो माणूस सुरुवातीपासून सांगतोय की मी ही इमारत पेटवून देईन. पुन्हापुन्हा सांगतोय. साहेबांच्या समोर उभं राहून सांगतोय. कुणी ऐकत नाही, कारण कुणी मिल्टनचं काही ऐकतच नाही. टेबल हलवतात, स्टेपलर नेतात, केकचा तुकडा त्याच्यापर्यंत पोचत नाही, शेवटी तळघरात पाठवतात. त्याला काही वर्षांपूर्वीच कामावरून कमी केलेलं असतं, ते त्याला कुणी कळवलेलंच नसतं, आणि पगाराच्या यंत्रणेतल्या एका चुकीमुळे चेक मात्र येत राहतो. मग कुणाला कामावरून काढायचं ते ठरवायला कंपनीने बोलावलेले दोन सल्लागार येऊन ती चूक दुरुस्त करतात. माणसाला सांगत नाहीत, चूक दुरुस्त करतात.

सीडी पाहणारे आपणही त्याचं ऐकत नव्हतो. आपली काही चूक नव्हती, तबकडीवर आवाजच तेवढा होता. पण ज्या आवृत्तीने वीस वर्षांनी मिल्टनचं बोलणं आपल्या कानापर्यंत आणलं, तिला आपण ‘नवीन काही नाही’ असं म्हणतोय. आमचे अण्णा आठवतात मला. त्यांचं टेबल चार वेळा हललं, शेवटच्या वेळी अभिलेख कक्षात, जिथे पंखा नव्हता. ते रोज काहीतरी म्हणायचे. काय म्हणायचे ते आम्ही कधी नीट ऐकलं नाही.

शेजारच्या क्युबिकलमधली ती बाई, दिवसभर फोन उचलून तेच एक वाक्य त्याच चालीत म्हणणारी, तिच्याकडेही लक्ष द्या. पूर्वी ती एकदाच काय ती ऐकू यायची. आता ती भिंतीपलीकडे बसलेली जाणवते, पीटरच्या डोक्यात शिरते. पहिल्याच मिनिटांत दाराच्या मुठीला हात लावताच पीटरला बसणारा तो बारीक झटका, त्याचा ‘चट्’ असा आवाज आता इतका स्पष्ट आहे की लातूरला दोघांनी हात मागे घेतले. मी पाहिलं.

हे सगळं एवढ्या तळमळीने लिहितोय त्याचं कारण या सिनेमाचा स्वभाव आहे. तो थेटरात चालला नाही. फेब्रुवारी १९९९मध्ये अमेरिकेत लागला, आणि सुमारे १ कोटी डॉलरमध्ये बनलेल्या सिनेमाने तिथल्या तिकीटबारीवर जेमतेम तेवढेच परत आणले. मग तो लोकांच्या घरांत गेला. कॅसेटवरून, डीव्हीडीवरून, कॉमेडी सेंट्रल वाहिनीवरच्या पुन्हापुन्हाच्या प्रक्षेपणांतून. ऑफिसातून दमून आलेल्या माणसांनी तो रात्री पाहिला आणि सकाळी शेजारच्या टेबलावरच्या माणसाला सांगितला. आपल्याकडेही तसंच झालं. औरंगाबादेत, म्हणजे तेव्हाच्या, पैठण गेटजवळच्या लायब्ररीतून दोन तबकड्यांची ती व्हीसीडी मी आणली तेव्हा आवरणावर काय चित्र होतं तेही धड दिसत नव्हतं. मी आणली ती सिनेमातल्या तरुणाचं काम पाठीमागे इंग्रजीत लिहिलेलं होतं म्हणून: बँकांच्या संगणकप्रणालीत सालाचे दोन आकडे असतात, ते २०००साठी दुरुस्त करणं. १९९९मध्ये मी कॉम्प्युटर क्लासला जायचो तेव्हा सरांनी फळ्यावर हेच शिकवलं होतं, ९९नंतर ०० आलं की यंत्राला वाटेल १९०० साल उजाडलं. मला वाटलं तांत्रिक सिनेमा असेल. घरी लावला, आणि पीटर जेव्हा सांगतो की त्याला आठ साहेब आहेत, एक चूक झाली की आठ जण येऊन सांगतात, तेव्हा मी तबकडी थांबवून तुम्हाला फोन करायला बाहेर एसटीडी बूथवर गेलो होतो.

म्हणजे या सिनेमाचं खरं थेटर ही तबकडीच आहे. दुसऱ्या एखाद्या सिनेमाची आवृत्ती बिघडली तर लोक म्हणतील, आम्ही पडद्यावर पाहिलाय, मूळ कसा होता माहीत आहे. याचा मूळ पडदाच फार थोड्यांनी पाहिला. तबकडीवर जे असेल तेच पुढच्यांसाठी मूळ. म्हणून चाहत्यांनी निकाल द्यायचा तो याच गोष्टीवर द्यावा, एवढंच माझं मागणं आहे.

आणि आता जे मागायला हवं होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, त्याकडे येतो. लातूरला मागच्या ओळीत वहिनी बसल्या होत्या, त्यांच्या शेजारी परभणीच्या मास्तरांच्या आई. पाऊण तासाने दोघी उठून स्वयंपाकघरात गेल्या. आपण सगळे हसत होतो, त्या आपल्या हसण्याकडे बघून हसत होत्या. पूर्वी मी माझ्या आईला सिनेमा थांबवून थांबवून सांगायचो. मिल्टन तिला फार कळायचा. ती म्हणायची, “लेकराला छळू छळू मारलालेत की रे.” ती गेली. तिला एकदाही हा सिनेमा सलग पाहता आला नाही.

मराठी सबटायटल का नकोत? तांत्रिक अडचण कुणी सांगितली तर ती मानू नका. डीव्हीडीवर सबटायटलच्या बत्तीसपर्यंत भाषा बसतात, आणि डीव्हीडी असो की ब्लू-रे, त्यावर सबटायटल अक्षरं म्हणून नाही, चित्र म्हणून साठवलेली असतात. त्यामुळे देवनागरीचा फॉन्ट प्लेअरमध्ये आहे की नाही हा प्रश्नच येत नाही. जोडाक्षरं जशी काढून द्याल तशीच दिसतील. लागतं ते फक्त कुणीतरी बसून करायचं काम. ते आपण करून देऊ, असं तक्रारीत लिहा. मी गेले तीन आठवडे रोज रात्री तासभर तेच करतोय.

करताना लक्षात आलं की हा सिनेमा मराठीत यायला किती उत्सुक आहे. टीपीएस रिपोर्ट नावाच्या कार्यालयीन अहवालावर नवं कव्हर शीट लावलं नाही म्हणून एकामागून एक साहेब पीटरला टोकतात. मी आधी ‘मुखपृष्ठ’ लिहिलं, ते मेलेलं वाटलं. मग लिहिलं, ‘अहवाल विहित नमुन्यात नाही.’ बस. ज्याने मराठवाड्यातल्या कुठल्याही कार्यालयात एकदा अर्ज दिलाय त्याच्या अंगावर काटा येईल. कव्हर शीटला ‘अग्रेषण पत्र’ म्हणावं की नुसतं ‘वरचा कागद’, यावर अजून अडलोय. फ्लेअरला ‘बिल्ले’ पक्कं. सल्लागार दोघांचंही नाव बॉबच, त्याला हात लावायचा नाही. सगळ्यात जास्त अडलो ते प्रिंटरपाशी. त्याच्या छोट्या पडद्यावर उमटणाऱ्या ‘पीसी लोड लेटर’ या निर्बुद्ध संदेशाचा खरा अर्थ, कागदाच्या ट्रेमध्ये लेटर मापाचा कागद भरा, एवढाच आहे. ते अमेरिकेतलं माप. आपल्याकडे ए-फोर आणि लीगल चालतात, त्यामुळे शब्दशः दिलं तर हसू येणार नाही आणि समजावून दिलं तर विनोद मरेल. मी सध्या तो संदेश तसाच देवनागरीत ठेवलाय, कारण पात्रांनाही तो कळत नाहीच. मास्तर, तुम्ही यावर विचार करा. पुढे माळरानावर तिघे मिळून त्या प्रिंटरला बडवतात तेव्हा एक ओळही लागत नाही, तिथे आईलाही मी कधी काही सांगितलं नव्हतं.

तक्रारीने काय होणार, कंपनी साता समुद्रापार, आपण परभणीत, असं कुणी म्हणालं तर त्याला लाल स्टेपलरची गोष्ट सांगा. सिनेमात मिल्टनच्या हातात जो लाल स्विंगलाइन स्टेपलर आहे, तसा लाल रंगाचा ती कंपनी तेव्हा बनवतच नव्हती. सिनेमावाल्यांनी तो रंगवून घेतला होता. पाहणारे लोक लाल स्टेपलर मागू लागले, मागत राहिले, आणि २००२मध्ये कंपनीने तो खरोखर बाजारात आणला. एका न चाललेल्या सिनेमाच्या चाहत्यांनी एक वस्तू जन्माला घातली. म्हणूनच आपण काय मागतो ते मला महत्त्वाचं वाटतं. स्वच्छ चित्र मागितलं तर ते मेणाचे चेहरे देतील. जास्त बिल्ले मागितले तर चकचकीत खोकं देतील, आत तेच ठेवून.

म्हणून विनंती अशी. सध्याच्या मसुद्यावरचं माझं नाव काढा, किंवा मसुदा बदला. कॉमेंटरीची मागणी राहू दे. ‘चित्र स्वच्छ करावं’ हे काढा आणि त्या जागी लिहा की दाणे, रंग आणि उजेड आहेत तसेच राखावेत, पुढच्या कुठल्याही आवृत्तीत त्यांना हात लावू नये. मराठी सबटायटलची मागणी पहिल्या क्रमांकावर घ्या. आणि ‘घेऊ नये’ हा शेरा मागे घ्या, कारण ज्यांच्याकडे अजून जुनी सीडीच आहे अशी माणसं तुमच्या शब्दावर थांबलेली आहेत. हिंगोलीहून एकाचा फोन आला होता, विचारत होता की खरंच घेण्यासारखी नाही का.

सही करण्याआधी एकदा परभणीला या. वसमत रोडवरचं माझं घर तुम्हाला माहीत आहे. टीव्हीचं रंगाचं बटण मी मधोमध आणून ठेवलंय, पडदे जाड आहेत, इन्व्हर्टर चार्ज असतो. वहिनींना आणि मास्तरांच्या आईंना पुढच्या ओळीत बसवू. माझी सबटायटल लॅपटॉपवर तयार आहेत, भिंत पडते त्या प्रसंगापर्यंत झाली आहेत. तिथपर्यंत पाहू. जेवण माझ्याकडे.

आपला,
१९९७पासून एका टेबलावरचा, परभणीकर मित्र